नदी लांब, तरी पाणी दारात का?

प्रश्न : आम्ही कोल्हापुरात शाहूपुरीत राहतो. पंचगंगा नदी घरापासून बरीच लांब असूनही २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी जयंती नाल्यातून पाणी गल्लीत आले. राधानगरी धरणाचे दरवाजे आधीच उघडले आणि नालेसफाई नीट केली, तर हे टळणार नाही का?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : आधी दरवाजांविषयी. राधानगरीचे सातही दरवाजे स्वयंचलित आहेत. जलाशय भरला की पाण्याच्या दाबाने ते आपोआप उचलले जातात, पातळी उतरली की आपोआप बसतात, आणि उघडल्यावर प्रत्येकातून १,४२८ क्युसेक पाणी भोगावती नदीत आणि पुढे पंचगंगेत येते. कोणा अधिकाऱ्याच्या हुकमाने ते उघडत नाहीत. पावसाळ्याच्या तोंडावर जलाशयात जागा मोकळी ठेवावी, ही मागणी पाटबंधारे खात्याकडे करणे रास्तच आहे. मात्र धरणांच्या खालच्या अंगाला कोसळणारा पाऊस कोणत्याच दरवाजाच्या ताब्यात नसतो. त्यातच पंचगंगा जिथे कृष्णेला मिळते त्या नृसिंहवाडीला कृष्णा आधीच दुथडी भरून वाहत असली, तर पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही आणि मागे तुंबत राहते.

तुमच्या गल्लीत शिरते ती हीच फूग, म्हणजे मागे तुंबलेले पाणी. नालेसफाई हे महापालिकेचे काम असून ते पावसाळ्यापूर्वी पुरे व्हायलाच हवे. परंतु साफ केलेला नाला शहरात पडलेला पाऊस नदीपर्यंत नेतो, एवढेच. नदीच चढली की त्याच मोकळ्या नाल्यातून ती उलटी आत येते. (म्हणून सफाई नको, असा अर्थ कृपया कोणी काढू नये.)

पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाटबंधारे खाते तेथील पातळीची नोंद ठेवते, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण तिच्यावर लक्ष ठेवून सूचना देते आणि शहरातील कुटुंबांना हलवण्याचे काम महापालिका करते. सुतारवाड्यात ही हलवाहलव सर्वांत आधी सुरू होते.

२०२१ मध्ये बंधाऱ्यावर पाणी ५६ फुटांवर गेले होते. त्या वर्षीची रेघ तुमच्या जिन्याच्या भिंतीवर अजून दिसत असेल, तर उंबऱ्यापासून तिची उंची मोजावी. ती तीन फूट भरली, तर बंधाऱ्यावर ५३ फुटांच्या सुमारास पाणी तुमच्या उंबऱ्याला लागेल. हिशेब ढोबळ आहे. म्हणून धान्य आणि कागदपत्रे त्याच्या दोन-तीन फूट आधीच माडीवर चढवावीत.