पहिल्या रात्री काय काय ऐकू येईल

अनेक आशीर्वाद.

फेब्रुवारीत एकटीनेच इथे फिनलंडमध्ये उर्हो केक्कोनेनच्या रानात दोन रात्री काढायचं ठरवलंयस, हे वाचून आधी हेवा वाटला, मग काळजी. "काकू, रात्री भीती वाटेल का?" असं विचारलंयस. वाटेल. लॅपलंडच्या थंडीत, आजूबाजूला चिटपाखरू नसताना, एका खोलीच्या केबिनमध्ये पहिल्या रात्री भल्याभल्यांची पाचावर धारण बसते. १९८३ साली राष्ट्रीय उद्यान झालेला हा प्रदेश २,५५० चौरस किलोमीटरचा आहे. आपली अख्खी मुंबई, उपनगरांसकट, त्यात चारदा मावेल. तेव्हा भीतीची लाज धरू नकोस. फक्त ती योग्य जागी खर्च कर.

आवाजांपासून सुरू करू, कारण दचकवणार तेच. रात्री पारा उणे पंचविसाच्या खाली घसरला की भिंतीचे ओंडके आकसतात आणि बंदुकीचा बार उडावा तसे कडाडतात. बाहेरची झाडंही तडकतात. जवळ तळं असेल तर बर्फाला तडे जाताना आधी बारीक 'प्यूंऽऽ' आणि मागून खोल घुमणारा आवाज येतो; बर्फाच्या थरातून उंच पट्टीचा सूर लवकर पोचतो, खर्जातला मागे रेंगाळतो, म्हणून. छपरावरचा बर्फ एकदम घसरला तर छातीत धस्स होईल. भिंतीपाशी खरवडल्याचा आवाज आला तर रेनडिअर खुरांनी बर्फ उकरून खालचं दगडफूल शोधत असेल, आणि फळीखाली खुडबुड झाली तर उंदीर. खाऊची पिशवी खुंटीला टांगलीस की त्याचाही प्रश्न मिटला. अस्वलं या दिवसांत गुहेत झोपलेली असतात. हे सगळं ऐकायचं, नाव द्यायचं आणि कूस बदलायची.

माझी काळजी वेगळीच आहे. जी गोष्ट आवाज करत नाही, तिची.

तिथली लोखंडी शेगडी, म्हणजे 'कमीना', आपल्या आजोळच्या बंबासारखी समज. पेटायला वेळ घेते, एकदा पेटली की सोडत नाही. धुराड्याला झडप असेल तर पेटवण्याआधी ती पूर्ण उघडी आहे ना, हे हाताने ओढून बघ. ढलप्या बारीक फोड, थोड्या थोड्या घाल. खरी गोम झोपताना आहे. ऊब निसटून जाऊ नये म्हणून झडप लवकर लावायचा मोह होतो, आणि तिथेच माणसं दगावतात. निखारे सळईने उकरून बघ. कुठे लाल दिसलं, वर निळसर ज्योत नाचताना दिसली, तर झडपेला हात लावायचा नाही. झडप लावली की निखाऱ्यांतला विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, खोलीत कोंडतो; त्याला वास नसतो, रंग नसतो. डोकं जड झालं, मळमळलं, विचित्र गुंगी आली तर विचार करत बसू नकोस. दार सताड उघडून बाहेर पड. रात्रभर थंडी सोसावी लागली तरी चालेल, त्यासाठी चांगली स्लीपिंग बॅग आहे.

दुसरी गोष्ट घाम. पोचल्या पोचल्या आतले कपडे बदल, हुडहुडी भरायची वाट बघू नकोस. मग उजेड आहे तोवर रात्रीपुरतं लाकूड आत आण. बर्फ वितळवताना भांड्याच्या तळाशी थोडं पाणी ठेव, नाहीतर भांडं करपतं आणि चहाला जळकट वास येतो. (आलं ने. साखरही जास्त ने.) रात्री शौचालयाला जायचं झालं तर ते दहा पावलांवर असलं तरी जाकीट, हातमोजे आणि डोक्यावरचा दिवा घालूनच बाहेर पड. फोन आणि बॅटऱ्या बॅगेत अंगाशी घेऊन झोप, गारठ्यात त्या बघता बघता मान टाकतात.

आता माणसांचं. तू जाणार आहेस ती 'औतिओतुपा', म्हणजे सगळ्यांना फुकट खुली असलेली रानातली केबिन. दाराला कुलूप नसतं. रात्री दहाला कुणी बूट आपटत आत आलं तर घाबरून आक्रसू नकोस: इथला जुना रिवाज असा की शेवटी आलेल्याचा हक्क पहिला, कारण तो सर्वांत थकलेला असतो. सामान आवर, 'मोइ' म्हण, जागा दे. फिनिश माणूस बहुधा तेवढ्यावर गप्प बसेल. ती त्याची सभ्यता आहे. एवढ्यावरही एकटीला खोलीत अनोळखी माणूस नकोच असेल, तर पैसे भरून चावी मिळणारी 'वराउस्तुपा' आधीच आरक्षित कर. त्यात भित्रेपणा काही नाही.

११२ हा इथला आपत्कालीन मदतीचा नंबर. फोनमध्ये '११२ सुओमी' हे ॲप घालून घे, त्यातून फोन लावलास की तुझं ठिकाण त्यांना आपोआप कळतं. पण रानात बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. म्हणून आईला "रोज फोन करते" असं कबूल करू नकोस, नाहीतर पहिल्याच रात्री ती घर डोक्यावर घेईल. एकच वेळ दे: रविवारी इथले रात्रीचे आठ, तिचे साडेअकरा. मुक्कामांची नावं आणि वाट मला लिहून पाठव आणि माझा नंबर तिला दे. साडेअकरा उलटले तर तिने मला खुशाल उठवावं. पुण्याहून इथला ११२ लागत नाही, तो फोन मी करेन.

तुझी,
काकू