बोनस गृहकर्जात भरू की समुपदेशनासाठी ठेवू?

मुलुंडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. लग्नाला ९ वर्षं झाली, दोघंही नोकरी करतात, एक मुलगी आहे. गृहकर्जाची १५ वर्षं बाकी आहेत, व्याज साडेआठ टक्के. यजमानांना १,२०,००० रुपये बोनस मिळणार आहे आणि तो सगळा कर्जात भरावा असं त्यांचं मत. ताईंना त्यातले ३०,००० रुपये दोघांच्या समुपदेशनासाठी ठेवायचेत: २,५०० रुपयांचं एक सत्र, अशी १२. सासूबाई म्हणतात, "घरातली भांडणं मिटवायला बाहेरच्याला पैसे कशाला?"

ताई, माझं उत्तर आहे: ठेवा.

३०,००० कर्जात न भरल्याने पहिल्या वर्षी सुमारे २,५५० रुपये व्याज जास्त जाईल. पूर्ण १५ वर्षं धरली तर मुद्दल आणि व्याज मिळून आकडा लाखाच्या वर जातो. रक्कम लहान नाही. तरीही ठेवा म्हणतोय, त्याला कारण तुमच्या पत्रातलाच एक प्रसंग.

यजमानांनी बहिणीला १२,००० रुपये पाठवले, ते तुम्हाला बँकेच्या स्टेटमेंटवरून कळलं. तुम्ही विचारलंत, ते गप्प. तुमचा आवाज चढला, तसे ते मोबाइल घेऊन गॅलरीत गेले. पैसे द्यायला तुमची ना नव्हतीच. "मला सांगावंसंही वाटलं नाही?" हे तुमचं दुखणं आहे, आणि कर्ज दोन वर्षं लवकर फिटलं म्हणून ते जाणार नाही.

एकाने मागे लागायचं आणि दुसऱ्याने मिटून जायचं, हा फेरा समुपदेशकांच्या चांगला ओळखीचा. सू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात कॅनडात भावनाकेंद्री उपचारपद्धती मांडली, ती याच फेऱ्यावर काम करते. साधारण ८ ते २० सत्रं लागतात, म्हणजे तुमचा १२ चा अंदाज बरोबर आहे. तिथे कोण चूक, कोण बरोबर याचा निवाडा होत नाही. समुपदेशक भांडण मध्येच थांबवून यजमानांना विचारतील, गॅलरीत जाताना मनात काय चाललं होतं? "काही बोललो तर आणखी बिघडेल" असं उत्तर आलं, तर ज्याला तुम्ही इतके दिवस बेफिकिरी समजलात ती भीती होती हे तुम्हाला त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळेल. जवळीक परत येते ती अशा बोलण्यातून.

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी नवविवाहित जोडप्यांचं निरीक्षण केलं आणि ६ वर्षांनी त्यांची पुन्हा माहिती घेतली. ज्यांचा संसार टिकला ते जोडीदाराच्या बारीकसारीक हाकेला ("अगं, बाहेर बघ काय पाऊस पडतोय") १०० पैकी ८६ वेळा ओ देत होते. ज्यांचा मोडला ते ३३ वेळा.

आता अटी. यजमान मनापासून तयार नसतील तर १२ सत्रांचं पॅकेज आगाऊ घेऊ नका. तीन सत्रं करा, मग दोघांनी बसून ठरवा. मेडिक्लेमवर विसंबू नका. २०१७ च्या कायद्याने मानसिक आजाराला विम्याचं संरक्षण दिलंय, पण जोडप्यांचं समुपदेशन सहसा त्यात बसत नाही. एसआयपी आणि अडीअडचणीसाठी ठेवलेल्या पैशांना यासाठी अजिबात हात लावायचा नाही. फी जड जातेय असं वाटलं तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची 'आयकॉल' ही मोफत सेवा फोनवर आहे, निदान सुरुवात तिथून करता येईल. आणि घरात मारहाण किंवा धाक असेल, तर एकत्र समुपदेशन हा पहिला उपाय नाही. तुम्ही एकट्याने मदत घ्या.

बोनस आला की ३०,००० दोघांच्या संयुक्त खात्यात वेगळे काढा. फी तिथूनच जाऊ दे, म्हणजे खर्च दोघांनाही दिसेल. उरलेले ९०,००० यजमानांच्या मनासारखे कर्जात भरा. भरताना हप्ता तोच ठेवून मुदत कमी करायला बँकेला लेखी सांगा.