वागळे इस्टेटमध्ये १२ कामगारांचं युनिट आहे. कोणता विमा सक्तीचा, खर्च किती?

सक्तीचं म्हणाल तर ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, कारखान्यात १० कामगार झाले की लागू) आणि टेम्पो असेल तर त्याचा थर्ड पार्टी विमा (अपघातात दुसऱ्याच्या नुकसानीसाठी). ईएसआयसी २१,००० पर्यंतच्या पगाराला, मालकाचे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५. म्हणजे १५,००० पगारामागे तुमच्या खिशातून महिना ४८८ रुपये.

आगीचा विमा कर्ज असेल तर बँक मागतेच. एका जागेवरची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ घ्या. आग, पूर त्यात येतात. नुसती चोरी नाही, तिला घरफोडीची वेगळी पॉलिसी.

खरा घोळ रकमेत होतो. प्रीमियम वाचवायला २० लाखांचा माल १० लाखांचा दाखवला आणि ४ लाखांचा जळाला, तर हातात २ लाखच; विमा निम्म्याचा, म्हणून भरपाईही निम्मी. दाखवलेल्या रकमेतली १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ, पुढची नाही.