दीड हजारात हॉस्टेलची खोली: आधी उजेड, मग कापड, भिंत सगळ्यात शेवटी

हॉस्टेलची खोली थोडक्या पैशांत कशी सजवायची, हा तुझा प्रश्न वाचला. शिवाजीनगरला हॉस्टेल, एका खोलीत तिघी, पोपडे आलेली हिरवट भिंत, डोक्यावर एकच ट्यूब आणि हातात दीड हजार रुपये. मी स्वतः पुण्यात हॉस्टेलवर राहिले आणि पुढे बरीच वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तू यादीत सगळ्यात वर वॉलपेपर आणि पोस्टर घातलेस. ते दोन्ही आत्ता खोडून टाक. जुलै-ऑगस्टमध्ये जुन्या इमारतींच्या भिंती ओल धरतात. डिस्टेंपरच्या रंगावर चिकटपट्टी टिकत नाही, टिकलीच तर निघताना रंगासकट येते, आणि वॉलपेपरच्या मागे बुरशी धरते. खोली सोडताना डिपॉझिटमधून पैसे कापले जातात ते बहुतेक वेळा याच कारणाने. चिकटवायचे हूकसुद्धा अशा भिंतीवर धरत नाहीत.

पहिला खर्च उजेडावर कर. पांढऱ्या ट्यूबखाली कितीही सुंदर वस्तू ठेवल्या तरी खोली दवाखान्यासारखी वाटते. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जा, तिथे सगळा विजेच्या सामानाचा बाजार आहे. थेट प्लगमध्ये बसणारा होल्डर आणि पाच ते नऊ वॅटचा पिवळसर एलईडी बल्ब घे. खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप) लिहिलेलं बघ. ६५०० असेल तर तो ट्यूबसारखाच पांढरा पडतो. बल्बला आडोसा म्हणून बुरूड आळीतली बांबूची लहान टोपली पुरते. टोपलीतून भिंतीवर जी जाळीदार सावली पडते, ती कुठल्याही पोस्टरपेक्षा छान दिसते आणि पोपडेही झाकते. एलईडी फार तापत नाही, तरी टोपली आणि बल्बमध्ये चार बोटं अंतर ठेव. अभ्यासाला मात्र हा उजेड पुरणार नाही, टेबलापाशी वेगळा पांढरा दिवा हवाच.

विजेचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट कळकळीने सांगते. छोट्या सॉकेटची क्षमता सहा अँपिअर, म्हणजे साधारण तेराशे-चौदाशे वॅट. दिव्यांना ती भरपूर आहे. पण त्याच सॉकेटला जोडलेल्या एक्स्टेंशन बोर्डवर दीड हजार वॅटची किटली लावलीस तर वायर तापते. रेक्टर किटलीवर बंदी घालतात ती याच भीतीने. दिव्यांच्या माळा लावायच्या असतील तर झोपताना बंद करायच्या, आणि पडद्याला गुंडाळायच्या नाहीत.

दुसरा खर्च कापडाचा. खोलीत नजरेला सगळ्यात जास्त दिसतात ते पलंग आणि खिडकी, म्हणून तेवढी दोन ठिकाणं सांभाळलीस तरी पुष्कळ झालं. पडद्यासाठी तयार काही घेऊ नकोस. खिडकी चार फूट रुंद, चार फूट उंच धरली आणि छत्तीस इंच पन्ह्याचं (रुंदीचं) सुती कापड घेतलं तर दोन पट्ट्यांना शिलाईसकट पावणेतीन मीटर लागतं. रविवार पेठेतल्या कापडगंजात किंवा लक्ष्मी रोडला कटपीसमध्ये शोध. आईची जुनी सुती साडी मिळाली तर तोही खर्च नाही. पडदा लावायला भिंतीत भोक पाडायची गरज नाही. बोहरी आळीत स्प्रिंगची तार मिळते, ती खिडकीच्या गजांना दोन्हीकडे अडकवायची.

पलंगावर सोलापुरी चादर टाक, पण तिची एक बाजू जमिनीपर्यंत लोंबती ठेव. खाली बादली, बॅगा, चपला, ट्रंक सगळं झाकलं जातं. पसारा दिसेनासा झाला की खोली मोठी वाटते. तिघींच्या चादरी एकाच रंगाच्या कुळातल्या असतील तर आणखी चांगलं, म्हणून खरेदीआधी मैत्रिणींशी बोलून घे. खोली तिघींची आहे.

फोटो लावायचेच असतील तर पत्र्याच्या कपाटाच्या दारावर लोहचुंबकाने लाव. किंवा खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत सुतळी बांधून चिमट्यांनी अडकव. यापलीकडे भिंतीवर खर्च नको.

शेल्फसाठी आंब्याची लाकडी पेटी बघ. हंगाम संपताना मार्केट यार्डात किंवा मंडईत फळवाल्यांकडे रिकाम्या पेट्या पडून असतात. कडक उन्हात वाळवून, खिळे ठोकून, पॉलिश पेपर मारून घ्यायची. आडवी ठेवली की पुस्तकांची फळी तयार. बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात लोखंडी स्टँड, आरसे, दिव्याचे सांगाडे स्वस्तात मिळतात. घासाघीस कर, पण धातू आणि काचच घे. वापरलेली गादी किंवा कापडी खुर्ची कितीही स्वस्त असली तरी नको. ढेकूण एकदा खोलीत शिरले की तुमच्या तिघींचाच नाही, अख्ख्या मजल्याचा जीव नकोसा होतो. सिनियर मुली जाताना सामान विकतात तेव्हाही हाच नियम पाळ.

झाड हवं असेल तर काचेच्या बाटलीत मनी प्लांटची फांदी. पाणी दर आठवड्याला पूर्ण बदल, कारण डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो. तुळस मात्र ऊन येणारी खिडकी असेल तरच.

पैशांची वाटणी मी अशी करेन: चारशे उजेडाला, सहाशे कापडाला, दोनशे पेटी-सुतळी-चिमट्यांना. उरलेले तीनशे पावसाळा संपेपर्यंत खर्चूच नकोस. कोणत्या कोपऱ्यात ओल येते, कोणत्या खिडकीतून पाऊस आत येतो, हे तोवर कळलेलं असेल.

खिडकीचं आणि कॉटचं माप इथे टाक. काही कॉट अडीच फुटीच असतात, त्यावर तीन फुटी गादी बसत नाही. माप कळलं की गादी आणि कापड नेमकं किती लागेल ते सांगते.