मुकुंदराज अंबाजोगाईचे की आंभोऱ्याचे?

तुम्ही विचारलंय की विवेकसिंधू, म्हणजे मराठीतला पहिला मानला जाणारा ग्रंथ, लिहिणारे मुकुंदराज बीडच्या अंबाजोगाईचे की विदर्भातल्या आंभोऱ्याचे, आणि कोणी स्वतः शोध घेतलाय का. आम्ही घेतलाय, एमए मराठीला असताना मी आणि माझी मैत्रीण, ती मूळची अंबाजोगाईचीच.

तिच्याच घरी राहिलो. दरीत मुकुंदराजांची समाधी आहे आणि गोष्ट प्रत्येकाच्या तोंडी, जैतपाळ राजा साधूंना म्हणायचा रिकिबीत पाय टाकून घोड्यावर बसेपर्यंत ब्रह्म दाखवा, नाही जमलं की कैद, शेवटी मुकुंदराजांनी दाखवलं. तिथल्याच हत्तीखाना नावाच्या लेण्यांकडं निघालो तर तिच्या आजी म्हणाल्या, "दिवेलागणीच्या आत माघारी या गं पोरींनो, वऱ्हाडाचं दगड झालंय तिथं." म्हणजे योगेश्वरी देवीचं परळीच्या वैजनाथाशी लग्न होतं, मुहूर्त टळला आणि वऱ्हाडी जागेवरच दगड झाले. मैत्रिणीनं दगडी हत्तीला हात नाही लावला, लांबूनच नमस्कार केला. मला हे सगळं फार जवळचं वाटतं, पण त्यावरून कवीचं गाव ठरत नाही ना.

ग्रंथात अंबानगरी आहे खरी, पण वैन्यागंगेच्या तीरावर! अंबाजोगाईला नदी जयंती. वैन्यागंगा म्हणजे वैनगंगा, ती आंभोऱ्याला आहे, पाच नद्यांचा संगम आहे, आणि मुकुंदराजांच्या गुरूंचे गुरू हरिनाथ यांची समाधीही तिथं दाखवतात.

दुसरा घोळ सालाचा. ग्रंथातल्या एका ओवीत शके 1110 म्हणजे इसवी 1188, 'साधारण' नावाचं संवत्सर असं आलंय. संवत्सर म्हणजे पंचांगातलं वर्षाचं नाव, अशी साठ नावं ओळीनं फिरत राहतात. आजींचं पंचांग घेऊन बसलो, तेव्हा शके 1946 चालू होतं, क्रोधी संवत्सर. साठ संवत्सरांची 14 चक्रं म्हणजे 840 वर्षं, म्हणजे 1110 ला जे संवत्सर तेच 1950 ला येणार, मग बोटांवर मोजलं, विश्वावसू, पराभव, प्लवंग, कीलक. कीलक आलं! 'साधारण' संवत्सर त्याच्या दोन वर्षं पुढं, 1112 ला. पुन्हा मोजलं, तेच. ही ओवी मागाहून घातली असावी असं म्हणणारे अभ्यासक आहेत, आणि म्हणूनच मराठीतला पहिला ग्रंथ लीळाचरित्र मानणारेही आहेत.

माझं मत आंभोऱ्याकडं आहे, त्या एका नदीच्या नावामुळं. मैत्रिणीला अजून पटत नाही, ती म्हणते समाधी इतकी वर्षं लोक उगाच जपतात का, आणि नदीचं नाव नकलून घेणाऱ्यानं बदललं नसेल कशावरून.