वाचकांचे प्रश्न : काडतुसातील दारूचे माप

प्रश्न : मी रायफलची काडतुसे घरी पुन्हा भरतो. पावडर मेजरची (दारू आकारमानाने मोजून टाकणाऱ्या यंत्राची) फिरती दट्टी एकाच खुणेवर ठेवूनही लागोपाठ टाकलेल्या मापांत 0.3 ते 0.4 ग्रेनचा (एक ग्रेन म्हणजे सुमारे 0.065 ग्रॅम) फरक पडतो. दारू बारीक काड्यांच्या आकाराची आहे. इलेक्ट्रॉनिक काटाही तेच माप पुन्हा ठेवल्यावर कधी कधी वेगळा आकडा दाखवतो. दोष मेजरचा मानावा की काट्याचा?

उत्तर : आधी काट्याचा निकाल लावावा, कारण मेजरची परीक्षा काट्यावरच होणार आहे आणि तोच डळमळत असेल तर पुढचे सारे निष्कर्ष व्यर्थ ठरतील. काटा वापरण्यापूर्वी अर्धा तास चालू ठेवावा, सपाट आणि न हलणाऱ्या पृष्ठभागावर मांडावा आणि पंख्याचा किंवा खिडकीतला वारा त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही असे पाहावे. घरगुती वापराच्या बहुतेक काट्यांत भाराने किंचित वाकणारा धातूचा तुकडा आणि त्यावर चिकटवलेली विद्युत्पट्टी असते. तापमान बदलले की तिचे वाचन सरकते. मोबाइल फोन आणि नळीचे दिवेही असे काटे बिघडवू शकतात.

यानंतर प्रमाणित वजनाने तपासणी करावी, पण ते वजन आपल्या मापाच्या जवळपासचे असावे. आपण 42 ग्रेन दारू भरत असाल, तर काटा 1000 ग्रेनला बिनचूक आहे हे कळून फारसा उपयोग नाही. वजन चिमट्याने उचलावे, बोटांचा तेलकटपणा त्याला लागू देऊ नये. आणखी एक सोपी खूण आहे. पारडे ठेवून काटा शून्यावर आणला आणि पारडे उचलले की उणे आकडा दिसतो. तो कागदावर लिहून ठेवावा आणि दर वेळी पारडे उचलल्यावर तोच येतो का, हे पाहावे. तो बदलला तर शून्य सरकले आहे असे समजून मधली मापे पुन्हा तोलावीत. 0.1 ग्रेनपर्यंत वाचणाऱ्या काट्यावर 42.1 दिसते तेव्हा खरे वजन 42.05 ते 42.15 यांच्या दरम्यान कुठेही असू शकते, त्यामुळे शेवटच्या अंकाचा एक घर इकडेतिकडे होणे हा बिघाड नव्हे.

आता मेजरकडे वळू. मेजर वजन करत नाही, ते पोकळी भरते. त्या पोकळीत किती दारू बसेल हे दाणे किती दाटीने बसले यावर ठरते आणि ती दाटी आपल्या हातावर अवलंबून असते. हॉपर, म्हणजे मेजरवरचा दारूचा साठा, निम्म्याहून खाली जाऊ देऊ नये, म्हणजे वरचा भार फारसा बदलत नाही. आत वरच्या दारूचा भार पेलणारी आडपट्टी असेल तर ती काढू नये. ताजी दारू ओतल्यावर पहिली दहा-पंधरा मापे परत हॉपरमध्ये टाकावीत, तेवढ्यात दारू खाली बसते. नंतर दांडा दर वेळी एकाच वेगाने वर न्यावा, वर तेवढेच थांबावे आणि खाली आणताना ठोका द्यायचा असेल तर तो प्रत्येक मापाला तितकाच द्यावा. कधी ठोका देणे आणि कधी न देणे हे मुळीच न देण्यापेक्षा वाईट. मेजर ज्या टेबलावर बसवले आहे त्यावरच प्रेस (काडतुसे दाबून जोडण्याचे यंत्र) चालत असेल, तर प्रत्येक दाबाच्या हादऱ्याने हॉपरमधली दारू आणखी दाटते. ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही.

इतके सांभाळूनही काड्यांची दारू गोल दाण्यांच्या दारूइतकी समान पडणार नाही. फिरती दट्टी वळताना पोकळीच्या कडेवर आलेल्या काड्या कापल्या जातात आणि दांडा हाताला अडखळल्यासारखा लागतो. असे माप पुंगळीत (काडतुसाच्या धातूच्या कवचात) न टाकता हॉपरमध्ये परत करावे. खालच्या नळीत काड्या एकमेकींत अडकून राहणे याहून धोक्याचे असते, कारण मग एक माप हलके पडते आणि अडकलेली दारू पुढच्या मापाबरोबर उतरून ते जड होते. हलक्यामागोमाग जड असा क्रम दिसला तर पुढे जाण्यापूर्वी नळी तपासावी. माझे मत असे की, काड्यांच्या दारूसाठी मेजरवरच अचूकतेचा हट्ट धरू नये. ते अर्धा ग्रेन कमी पडेल असे लावावे, माप पारड्यात घ्यावे आणि उरलेले ट्रिकलरने, म्हणजे दारू थोडी थोडी सोडणाऱ्या फिरत्या नळीच्या साधनाने, दाणा दाणा सोडून पुरे करावे. मात्र अनेक इलेक्ट्रॉनिक काटे अगदी सावकाश वाढणारे वजन शून्याचे सरकणे समजून दुर्लक्षितात. म्हणून इच्छित आकडा आला की पारडे एकदा उचलून पुन्हा ठेवावे आणि तेव्हाचे वाचन खरे धरावे.

प्रश्न : पिस्तुलाच्या काडतुसांत जेमतेम 4 ग्रेन दारू लागते. तेथे 0.1 ग्रेनचा फरक चालेल का?

उत्तर : 42 ग्रेनमध्ये 0.1 म्हणजे पाव टक्क्याच्या आत, तर 4 ग्रेनमध्ये अडीच टक्के. त्यातच या दारू झपाट्याने जळणाऱ्या असतात. म्हणून प्रकाशित तक्त्यातील कमाल मापाच्या काठावर काम करू नये, आरंभीच्या मापापासून हळूहळू वर जावे. मेजर लावताना दहा मापे एकत्र तोलून दहाने भागल्यास काट्याची चूक विभागली जाते आणि सरासरी चांगली कळते. परंतु सरासरी विसंगती झाकते. एक माप 3.8 आणि दुसरे 4.2 पडले तरी बेरीज सुरेखच येते, त्यामुळे काही मापे सुटी तोलणेही आवश्यक आहे.

याहून मोठे संकट दुहेरी मापाचे आहे. पुष्कळ पिस्तुली पुंगळ्यांमध्ये 4 ग्रेन दारू निम्म्याहूनही कमी जागा व्यापते, त्यामुळे चुकून दोन मापे पडली तरी ती सांडत नाहीत आणि झाडल्यावर शस्त्र फुटू शकते. उलट माप पडलेच नाही, तर केवळ प्रायमरच्या (पुंगळीच्या बुडाशी बसवलेल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीच्या) जोरावर गोळी पिस्तुलाच्या नळीत अडकते आणि पुढची गोळी तिच्यावर आदळते. भरलेल्या पुंगळ्या ठोकळ्यात ओळीने उभ्या करून गोळी बसवण्यापूर्वी प्रत्येकीत उजेड टाकून दारूची पातळी पाहावी. हे काम कोणताही काटा आपल्यासाठी करत नाही.

प्रश्न : 0.02 ग्रेनपर्यंत वाचणारा महाग काटा घ्यावा का?

उत्तर : लांब पल्ल्याची नेमबाजी करत असाल आणि वेगमापकावर गोळ्यांच्या वेगातील फरक आधीच थोडा असेल, तर घ्यावा. एरवी पुंगळीच्या मानेची पकड, तिच्या आतील जागा आणि प्रायमर यांतील असमानता दारूतल्या शेवटच्या दाण्याचा फायदा गिळून टाकते. काही मध्यम दारूंची एक काडीच सुमारे 0.02 ग्रेन भरते.

प्रश्न : मेजरऐवजी ठरावीक आकाराचे चमचे वापरले तर?

उत्तर : चालतात, पण चमचा दारूत बुडवून वर आणण्याची आणि वरचा ढीग सपाट करण्याची पद्धत एकच ठेवावी, तसेच त्या चमच्यात त्याच दारूचे किती वजन बसते हे काट्यावर तपासावे. काळी दारू आकारमानाने मोजण्याची जुनी रीत आहे. ते माप बिनधुराच्या दारूला (आजच्या काडतुसांत भरल्या जाणाऱ्या दारूला) कधीही लावू नये. काम संपल्यावर मेजरमधली दारू तिच्या मूळ डब्यातच परत करावी. रात्रभर हॉपरमध्ये राहिलेली दारू कोणती, याची सकाळी खात्री देता येत नाही, आणि खात्री नसलेली दारू वापरायची नसते.