खुर्ची हलव, झीज राहू दे

प्रिय,

इंग्लंडमधल्या वेल्स गावच्या कॅथेड्रलमधल्या पायऱ्यांचा तुझा फोटो मिळाला. खाली विचारलंयस, "झिजलेल्या कडा सॉफ्टवेअरने जरा सारख्या केल्या, चालेल ना?" नाही चालणार. दोन दिवस हा प्रश्न डोक्यातून जात नाहीये.

१९०३ साली इंग्लिश छायाचित्रकार फ्रेडरिक इव्हान्स यांनी याच जिन्यावर कॅमेरा लावला होता. तेराव्या शतकातल्या या दगडी पायऱ्या माणसांच्या पावलांनी मधोमध खोलगट झाल्या आहेत आणि चॅप्टर हाऊसकडे, म्हणजे धर्मगुरूंच्या सभागृहाकडे, वळताना लाटांसारख्या पसरतात. त्या फोटोचं नावच 'अ सी ऑफ स्टेप्स', पायऱ्यांचा समुद्र. झीज काढलीस की समुद्रच आटला.

इव्हान्सही जागा आवरायचे, पण लेन्ससमोरची. आड येणाऱ्या खुर्च्या ते चर्चवाल्यांना हलवायला लावत, उजेड मनासारखा पडेपर्यंत थांबत. निगेटिव्हवर मात्र रिटचिंग, म्हणजे हाताने केलेली डागडुजी, नाही. प्लॅटिनमचे क्षार लावलेल्या कागदावर सरळ प्रिंट. त्या कागदाला चकाकी नसते, पण करड्या छटा इतक्या की खांबामागच्या अंधारातही दगडाचा पोत हाताला लागेलसा वाटतो. पहिल्या महायुद्धात प्लॅटिनम मिळेनासं झालं, तेव्हा त्यांनी फोटोग्राफी जवळजवळ सोडूनच दिली. हट्ट असावा तर असा. तेव्हा खुर्ची हलव, झीज राहू दे.

हे मी एवढं तावातावाने का लिहितोय? इंग्लंडमधल्याच एका छोट्या चर्चमध्ये मी ओकच्या कोरीव बाकाचा फोटो काढला होता. पानांच्या नक्षीतून एक तडा गेला होता. पुस्तिकेत चांगलं दिसेना, म्हणून निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून तो बुजवला. पुढे बाक आणखी फाटला. दुरुस्तीला आलेल्या सुताराने फोटो हातात घेऊन विचारलं, तडा खुंटीपासून सुरू झाला होता, की जुन्या ठिगळापासून? माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हा सगळेच असं करत, हे खरं आहे. पण पेन्सिल माझ्या हातात होती.

त्यानंतर मी कित्येक कामं नाकारली. लोक अडेल म्हणाले. म्हणोत. मी बरोबर होतो, आजही तेच म्हणेन.

तुझी नजर चांगली आहे, नाहीतर एवढं लिहिलंच नसतं. मूळ फाइल पाठव, हात न लावलेली. आणि फोटो किती वाजता काढलास तेही कळव. तिसऱ्या पायरीवरची सावली मला जरा लवकरची वाटते.